धोंड्याच्या वाणातला ॲम्प्लिफायर

हळदकुंकू नेमकं कुठे लावायचं, तेच मला कळेना.

"अहो, ह्याचं तोंड कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

देवघरासमोर पाटावर तो बसला होता. काळा कुळकुळीत, मसाल्याच्या पाट्याएवढा आणि वजनालाही तसाच. पाठीवर पन्हाळी पत्र्यासारख्या उभ्या धारा, आणि कडेला लाल रंगात काहीतरी इंग्रजी नाव.

"तोंड नसतं त्याला," हे म्हणाले. "तोंड म्हणजे स्पीकर. हा ॲम्प्लिफायर. फुप्फुस समज."

"मग फुप्फुसाला लावू?"

"लाव कुठंही. पण ठसठशीत लाव. जावयाचं वाण आहे."

धारांच्या मध्ये एक सपाट पट्टी होती. तिच्यावर मी ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळदीची बोटं ओढली, अक्षता वाहिल्या. दोन-चार तांदूळ धारांच्या फटीत जाऊन बसले ते निघेनात. मग तसाच नमस्कार केला.

केतकीच्या लग्नानंतरचा तो पहिलाच धोंड्याचा महिना. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला होता. अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलवायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तबकात अनारसे मांडून वर तुपाचा दिवा लावून वाण द्यायचं. सोबत कुणी चांदीचं निरांजन देतं, कुणी अंगठी. गाडीचा ॲम्प्लिफायर दिल्याचं निदान आमच्या फलटणात तरी कुणी ऐकलं नव्हतं.

पण आमची अडचणही तशीच होती.

आमचे जावई अभिराम, पुण्याला एका कंपनीत इंजिनिअर. माणूस निर्मळ, निर्व्यसनी. पण अबोल इतके, की लग्नाला दीड वर्ष होत आलं तरी त्यांनी मला कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती. पाणी हवं असलं तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे, आणि मी मागे वळेपर्यंत तसेच उभे. एकदा मी पोळ्या करत होते. मागे वळले तेव्हा डब्यात बऱ्याच पोळ्या साठल्या होत्या आणि अभिरामराव उंबऱ्यात रिकामा पेला घेऊन उभे होते.

तेही मी मनावर घेतलं नसतं. पण एकदा फोनवर केतकी म्हणाली, "आई, हा ऑफिसातून आला तरी वर येत नाही गं. खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून राहतो."

"काय करतो गाडीत?"

"गाणी ऐकतो म्हणे," ती म्हणाली आणि तिनं विषय बदलला.

तिचा तो सूर मला वाचता येईना. मुलगी जवळ असती तर चेहरा बघून कळलं असतं. नवीन लग्न झालेला माणूस, घरात बायको वाट बघतेय, आणि हा खाली गाडीत का बसतो? आईच्या मनाला वाईट तेवढंच आधी सुचतं. मुलगी सुखात आहे ना, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, आणि तेवढंच कुणाला विचारता येत नव्हतं.

शेवटी ह्यांना सांगितलं. ह्यांची सगळी नोकरी साखर कारखान्यात, बॉयलरवर गेली. बॉयलरवरच्या माणसाला दोन सवयी लागतात. एक, घरातही पन्नास फुटांवरच्या माणसाशी बोलल्यासारखं बोलायचं. आणि दुसरी, ज्या यंत्राचा आवाज मोठा ते यंत्र खणखणीत, असं मानायचं.

"सोपं आहे," हे ओरडले. "गाडीत बसून कान देऊन ऐकावं लागतं, म्हणजे आवाज पुरत नाही. कंपनीनं दिलेला ॲम्प्लिफायर असणार. कंपनी म्हणजे पंगतीत तूप वाढणारी, थेंबाला थेंब मोजून. आपण एक दणदणीत बसवून देऊ. दोन गाण्यांत पोट भरेल आणि पोरगा मुकाट्यानं वर जाईल."

औषध रोगाला धरून होतं. मला पटलं.

बसस्थानकाच्या मागे पोपटशेठचं दुकान होतं. ट्रॅक्टर, टेंपो, रिक्षा, नवरदेवाची गाडी, ज्याला आवाज हवा त्यानं पोपटशेठकडे जावं. हे गेले आणि तो काळा पाटा घेऊन आले. "पोपट म्हणतो, जावई पुण्यात गाणं लावतील आणि काका, तुम्ही इथं ताल धराल!"

शनिवारी संध्याकाळी लेक-जावई आले. रविवारी सकाळी मी अभिरामरावांना चौरंगावर बसवून डोक्यावर तेल घातलं, आणि नेमकी ती वेळ साधून हे म्हणाले, "जावईबापू, गाडीची किल्ली द्या. हवा भरून आणतो."

अभिरामरावांच्या कानांवरून तेल ओघळत होतं. त्यांनी किल्ली दिली, पण हातातून लवकर सोडली नाही. "अं... त्या ड्रायव्हरच्या सीटच्या खाली जरा... म्हणजे सीट मागेपुढे करताना..."

"तुम्ही निवांत बसा हो!" हे जिन्यातून ओरडले.

मी पाणी काढायला आत गेले. बाहेर आले तर जावई टॉवेल गुंडाळून, तेलानं निथळत गॅलरीत उभे होते आणि गाडी कोपऱ्यावरून वळत होती.

"थंडी वाजेल," मी म्हणाले.

ते काहीच बोलले नाहीत. पण ते कधीच बोलत नसत, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

पानं घ्यायच्या वेळेला हे परतले. मी स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "झालं?"

"फर्स्टक्लास! जुना पोपटलाच देऊन टाकला. बोहारणीला जुनेर देतो तसा. तेवढीच घरातली अडगळ कमी."

जेवण झकास झालं. पुरणाचे धोंडे, कटाची आमटी, अळूची भाजी, भरली भेंडी. कांदा-लसूण कशातच नव्हता. आषाढी ते कार्तिकी तो आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. सोपान माळ्याचा कांद्याचा टेंपो त्या चार महिन्यांत आमच्या दारावरून न थांबता पुढे जायचा.

जेवणानंतर अभिरामरावांना पाटावर बसवलं. तबकात अनारसे, वर दिवा, आणि दिव्याशेजारी त्यांच्याच गाडीची किल्ली. ते किल्लीकडे बघतच राहिले.

"चला, नारायण खाली चला," हे म्हणाले. "वाण गाडीत आहे!"

आम्ही चौघं खाली गेलो. ह्यांनी जावयांना मानानं ड्रायव्हरच्या जागी बसवलं, आपण शेजारी बसले. अभिरामरावांनी किल्ली फिरवली. सीटबेल्ट लावला नाही की गाडीत बारीक टुणटुण वाजते ना, ती वाजली. पण टुणटुण कसली, काकडआरतीची घंटा! समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. केतकीनं कानांवर हात ठेवले.

"आत्ता कुठं सुरुवात आहे," हे आनंदानं म्हणाले आणि त्यांनीच गाणं लावलं.

मला वाटलं, आमची भिंत कोसळली. गाणारी बाई होती की बुवा हे अजूनही मला सांगता येणार नाही. गाडीच्या काचा, आरसा, आरशाला लटकवलेला गणपती, सगळं थरथरत होतं. त्यातच ह्यांनी "जरा रेस करा" म्हटलं, आणि ॲक्सिलरेटर दाबताच गाण्याच्या मागून शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं कुईंऽऽ असं सुरू झालं. जसा पाय दाबावा तसं मांजर वरच्या पट्टीत.

"ते काय हो?" मी ओरडून विचारलं.

"ताकद!" हे ओरडले.

अभिरामरावांनी गाणं बंद केलं. वाकून सीटखाली पाहिलं. पाहतच राहिले. मग सरळ बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"जुना... जुना कुठाय?"

"दिला पोपटला! कटकट गेली!"

"हो का," अभिरामराव म्हणाले. "छान."

वर आल्यावर त्यांनी एक अनारसाही उष्टावला नाही. कोचाच्या कडेला बसून पंख्याकडे बघत राहिले. स्वयंपाकघरात आमची कुजबुज सुरू झाली. ह्यांच्या कुजबुजीला कुजबुज म्हणायचं तर.

"रुसले!" हे म्हणाले. "वाण कमी वाटलं."

"हळू बोला. ऐकू जाईल."

"आता दुपारी सोनाराकडे जाऊ?"

मी कपाटातली चांदीची वाटी काढून जावयांपुढे ठेवली. "राहू दे," ते म्हणाले. ह्यांनी आपल्या मनगटावरचं निवृत्तीच्या वेळचं घड्याळ काढून पुढे केलं. "नको, नको," ते घाबरून म्हणाले. ह्यांनी घड्याळ त्यांच्या हातात बांधलंच. मग अभिरामराव उठले, "गाडीत जरा... जाऊन येतो," म्हणाले आणि खाली गेले. वाटी, घड्याळ, अनारसे, काही कामाला आलं नव्हतं.

केतकी मासिक चाळत पडली होती. "जाऊ दे गं आई, बसतो तो असा."

तिचं ते "बसतो तो असा" माझ्या जिवाला लागलं. मी बशीत चार अनारसे घेतले आणि खाली गेले.

गाडीत गाणं नव्हतं. अभिरामराव स्टीअरिंगवर कपाळ टेकून बसले होते. मी दार उघडून शेजारी बसले. जावयाशेजारी पुढच्या सीटवर मी आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते.

"अभिरामराव, वाणात आमचं काही चुकलं का?"

"नाही, नाही." ते दचकून सरळ झाले. "वाण फार... फार मोठं आहे."

"मग?"

मी गप्प बसायचं ठरवलं होतं. पोळ्या करताना उंबऱ्यात ते उभे राहायचे, तशी आता मी बसले.

"तुम्ही रागावणार नाही ना?" ते म्हणाले. "बाबांनी जो काढून दिला, तो कंपनीचा नव्हता."

"मग कुणाचा?"

"माझा. कंपनीचा मी मागेच काढला. बाहेरच्या देशातून एक मित्र येत होता, त्याच्याकडून हा मागवला. छोटा, राखाडी. वर कंपनीचंच झाकण बसवलं, कुणाला कळू नये म्हणून. दर रविवारी गाडी धुतो असं सांगून खाली येऊन थोडा थोडा जुळवत होतो. गेल्याच आठवड्यात मनासारखा लागला."

"कुणाला कळू नये म्हणजे?"

"केतकीला." त्यांनी वर आमच्या गॅलरीकडे चोरून पाहिलं. "आमच्या हॉलला अजून पडदे नाहीत. पडदे घ्यायचे होते तेव्हा मी हा घेतला. तिला म्हटलं, पडद्यांचं कापड मनासारखं मिळत नाहीये."

इतकी वाक्यं त्यांच्या तोंडून सलग मी कधी ऐकली नव्हती. मला हसू येत होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी ते अनारशाबरोबर गिळलं.

"आणि रोज गाडीत बसून एवढं ऐकता तरी काय?"

"तानपुरा."

"नुसता?"

"गाणं सुरू व्हायच्या आधी लागतो ना, तेवढा. कंपनीच्या ॲम्प्लिफायरवर तो नुसता घूं घूं ऐकू यायचा. ह्याच्यावर चारी तारा वेगळ्या ऐकू येतात." ते म्हणाले. "लहानपणी रोज त्या आवाजानंच जाग यायची. आई लावायची."

त्यांची आई ते शाळेत असतानाच गेल्या, हे मला लग्न ठरवतानाच कळलं होतं. त्या गायच्या, हे मात्र आज कळत होतं. मी बशी पुढे केली. त्यांनी एक अनारसा उचलला, पण तो हातातच राहिला.

आणि तेवढ्यात माझ्या कानाशी कुणीतरी घसा खाकरला.

मी दचकून मागच्या सीटकडे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"कांदे घेऽऽ, लाल कांदे..." आवाज म्हणाला. इतका स्वच्छ, इतका गोड, की सोपान माळी आमच्या दिवाणखान्यात मांडी घालून बोलतोय असं वाटावं. एरवी घरी भरून आणलेल्या त्याच्या त्या टेपची टेंपोच्या भोंग्यातून फक्त घरघर यायची. घरघर ऐकू आली की सोपान आला समजायचं, एवढंच. आज एकेक अक्षर सुटं होतं. मागे एक कोंबडी कुडकुडली. मग बाईचा आवाज आला, "लसूण ऱ्हायला की वो! लसूण म्हना!" आणि पुन्हा सोपान, खालच्या आवाजात, "म्हंतो की. दम धर जरा." आणि मग मोठ्यानं, "लसूण घेऽऽ!"

गॅलऱ्या-गॅलऱ्यांतून बायका डोकावायला लागल्या. समोरच्या घरातून कुणीतरी "कोण आलंय?" म्हणत दार उघडलं.

अभिरामरावांनी डोळे मिटले होते. कोंबडी पुन्हा कुडकुडली तेव्हा ते हलकेच म्हणाले, "माझा आहे."

"कोंबडा?"

"ॲम्प्लिफायर."

पोपटशेठ जुन्या वस्तू दुकानात ठेवत नसे. सकाळी काढलेला त्यानं सकाळीच सोपानला लावून दिला होता.

"गाडी काढा," मी म्हणाले.

"अं?"

"काढा म्हणते ना! तो कोपरा वळला की गावात जाईल." वर बघून मी ओरडले, "केतकी, आम्ही देवळात जाऊन येतो गं!"

किल्ली फिरवताच काकडआरती वाजली. मी आयुष्यात इतक्या घाईनं पट्टा लावला नव्हता. पुढे सोपानचा टेंपो मंजुळ आवाजात बटाटे विकत चालला होता आणि मागून आमची मोटार मांजरासारखी रडत त्याच्या मागे. जो तो थांबून आमच्याकडे बघत होता. काठापदराच्या साडीत, मांडीवर अनारशांची बशी धरून मी देवाचं नाव घेत होते. कालव्याच्या पुलापाशी आम्ही त्याला गाठलं.

"काकू?" सोपान खाली उतरला. "काय झालं? घरचे बरे हैत न्हवं?"

"बरे आहेत. सोपान, आज तुझ्या टेंपोत जो डबा बसवलाय तो आम्हाला परत पाहिजे."

"आं? आवो, सकाळधरनं दुप्पट बाया खाली येत्यात. पाव्हणा आलाय समजून येत्यात, आन् कांदं घेऊन जात्यात. डबा न्हाई मिळायचा." मग त्यानं मान खाजवली. "एकच वांदा झालाय. टेपातलं आमच्या मंडळीचं बोलनं समद्या गावाला ऐकू जातंय. तिला कळलं तर जेवाय देनार न्हाई."

मी जावयांकडे पाहिलं. आता ह्या माणसानं तोंड उघडलं नाही तर संपलं. आणि तोंड उघडलं! अभिरामराव दोन पावलं पुढे आले.

"दादा, ह्या डब्याचा तोच दोष आहे. सगळं ऐकवतो. कोंबडी, वहिनी, सगळं. तुम्हाला हवा तो माझ्या गाडीत आहे. तो लावला की मागचं काहीच ऐकू येणार नाही. फक्त तुम्ही. आणि निम्म्या गावाला एकदम."

"जोर हाय?"

"दाखवतो."

त्यांनी गाडीचं दार उघडून गाणं लावलं. पुलाजवळच्या बाभळीवर बगळ्यांचा थवा बसला होता. तो सगळाच्या सगळा उठला आणि शेतांवरून पलीकडे गेला.

सोपाननं थव्याकडे पाहिलं. "ह्येला म्हंत्यात आवाज," तो म्हणाला.

डिकीत स्क्रू-ड्रायव्हरची पेटी होतीच. जावई एकदा सीटखाली आडवे, एकदा टेंपोत उकिडवे. धुतलेल्या सदऱ्याची दशा झाली. मी बॅटरी धरायला होते. काळा पाटा टेंपोत बसवताना सोपान म्हणाला, "काकू, ह्येच्यावर कुंकू दिसतंय?"

"राहू दे. लाभेल तुला."

त्यानं बोटांनी स्वस्तिकाला स्पर्श केला, ती छातीला लावली. मग म्हणाला, "पर काकू, माझा धंदा तासभर खोटी झाला. नव्या डब्याची भवानी म्हणून तरी घ्या काहीतरी."

मला इतका आनंद झाला होता, की मी भरलेली पिशवीच उचलली.

घरी आलो. दार केतकीनं उघडलं. मागे हे उभे होते. केतकीनं नवऱ्याच्या मळक्या सदऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे.

"देवळात गेला होतात ना?"

"हो."

"प्रसादाला कांदे?"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. चातुर्मास, त्यात अधिक महिना, आणि मी घराच्या उंबऱ्यात पिशवीभर कांदे घेऊन उभी! लग्न होऊन आले तेव्हापासून एकदाही मोडला नव्हता असा नेम.

"कांदे?" हे ओरडले. "चातुर्मासात?"

"घरात नाही घेत आत," मी म्हणाले. "जावयांना न्यायला घेतले. पुण्याला महाग आहेत."

"फार महाग आहेत," अभिरामराव म्हणाले.

ते खाली जाऊन पिशवी गाडीत ठेवून आले आणि कोचावर बसून एकामागून एक अनारसे खायला लागले. हे माझ्याकडे बघून डोळ्यांनी म्हणाले, घड्याळ कामी आलं बघ.

निघताना ह्यांनी हट्टच धरला. "जाता जाता एकदा ऐकवा! आमच्या वाणाचा आवाज!"

मी आणि अभिरामरावांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी ह्यांना पुढच्या सीटवर बसवलं, काचा वर केल्या आणि लावलं. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. काचेतून मला ह्यांचा चेहरा दिसत होता. आधी भुवया वर गेल्या, कुठे आहे आवाज, अशा. मग खाली आल्या. मग ते मान किंचित तिरकी करून बसून राहिले. उतरले आणि दार अगदी हळू लावलं. मग म्हणाले, "बघितलंस? बसला! नवा बॉयलरही पहिल्या दिवशी थयथयाट करतो. वाफ जिरली की गुणी होतो."

"तुमच्यामुळेच, बाबा," अभिरामराव म्हणाले.

केतकीची ओटी भरायला मी तिला आत नेलं. तांदूळ ओंजळीत घेतले तर ती माझ्या कानाशी लागली. "आई, तोच परत बसवला ना?"

"कोणता?"

"आई! तो राखाडी. कंपनीच्या झाकणाखालचा."

माझ्या ओंजळीतले तांदूळ तिच्या पायांवर सांडले. "तुला माहीत आहे?"

"गाडी मीही चालवते की. मागे कानातलं पडलं होतं ते शोधताना झाकण निघालं. त्यातून पडद्यांचं कापड मिळत नाही म्हणे, पुण्यात!"

"मग बोलली नाहीस?"

"कशाला? लपवायला बिचाऱ्याकडे आयुष्यात तेवढं एकच आहे." ती हसली. फोनवर न वाचता आलेला सूर असा दिसत होता तर. "आणि गाडीतून वर आला ना, की जेवण होईपर्यंत गुणगुणत असतो. कुणाशी बोलत नाही तो, पण तेव्हा माझ्याशी बोलतो. तू मात्र त्याला सांगू नकोस हं, मला ठाऊक आहे ते. लपवायची मजा जाईल त्याची."

खाली अभिरामराव नमस्काराला वाकले. उठताना अगदी हळू म्हणाले, "केतकीला तेवढं..."

"नाही सांगत," मी म्हणाले.

"येतो, आई," ते म्हणाले, आणि पटकन गाडीत जाऊन बसले.

तीन-चार दिवसांनी दुपारी मी देवापुढे वाती वळत होते. अचानक मांडणीवरची भांडी वाजायला लागली. सोपान आला होता. निम्म्या गावाला ऐकू जात होता. कोंबडी नाही, बायको नाही, नुसते कांदे!

"काय हा तमाशा!" हे म्हणाले. जगात काहीतरी जास्त मोठ्यानं वाजतंय अशी तक्रार त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. "थांब, सांगून येतो त्याला."

ते गेले. आवाज बंद झाला. बराच वेळ झाला तरी वर आले नाहीत. आले ते थेट आरामखुर्चीत बसले.

"सोपानच्या टेंपोत एक ॲम्प्लिफायर आहे," ते शेवटी म्हणाले. त्यांच्या मानानं हे अगदी कुजबुजणंच होतं.

मी वात वळत राहिले.

"त्याच्यावर तुझं कुंकू आहे. फटीत अक्षता आहेत."

मी पुढची वात घेतली.

"म्हणजे त्या दिवशी गाडीत जे वाजलं, ते..."

"हो."

ते खिडकीतून बाहेर बघत बसले. बॉयलरवरचा माणूस, इतका वेळ गप्प! मला वाटलं, आता दुखावले. पोपटला शिव्या घालतील, जावयांना फोन लावतील. मग ते म्हणाले, "चांगलं वाजलं गं ते. चार तारा होत्या. मी मोजल्या."

"होत्या."

"जावयांना सांगू नकोस, मला कळलं म्हणून. उगाच संकोचतील."

अशी मी तिघांची तीन गुपितं पोटात घालून इतकी वर्षं बसले. आता हे नाहीत, ती गाडीही कधीच विकली गेली, आणि केतकीच्या हॉलला पडदे लागूनही जमाना झाला. सांगायला हरकत नाही.

त्यानंतरचा धोंड्याचा महिना आला तेव्हा पुन्हा दोघं आले. जेवणं झाली, अनारसे झाले, आणि हे म्हणाले, "चला जावईबापू, जरा गाडीत बसू." तास झाला तरी दोघं वर येईनात. केतकी आणि मी गॅलरीत जाऊन वाकून पाहिलं. खाली गाडी उभी, काचा वर, आणि आत दोघं शेजारी शेजारी, समोर बघत. एकदा काच खाली झाली तेव्हा बोलणं वर आलं.

"तुमच्यामुळे हे ऐकायला मिळतं, बाबा."

"मग! वस्तू निवडली कुणी!"

काच पुन्हा वर गेली. तेवढ्यात कोपऱ्यावरून सोपानचा टेंपो वळला. गॅलरीचे गज थरथरले, समोरचे कावळे उडाले, कुणाचं तरी लहान मूल रडायला लागलं. टेंपो कांदे कांदे असा गरजत गाडीला अगदी घासून गेला.

आतल्या दोघांपैकी एकानंही मान वळवली नाही.